पऱ्हाटीचा धूर

प्रिय पोरी,

5 जूनला, पर्यावरण दिनी, गावात दोनशे झाडं लावायची, रॅली काढायची, असं तू लिहिलंस. काढ रॅली. पण दर वर्षी आपण तेच खड्डे पुन्हा उकरतो, हे तूही पाहिलंयस. एप्रिल-मे महिन्यात ज्या झाडाला पाणी घालणारा माणूस ठरलाय, तेवढीच लाव. पाच भरली तरी पुष्कळ.

त्याआधी फेब्रुवारी येतो, त्याचं बोलू. कापसाचा शेवटचा वेचा झाला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटून धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) ढीग लागतात, आणि संध्याकाळी सगळं शिवार धुरानं भरतं. मीही वीस वर्षं पेटवली. राखेतून थोडं पालाश मिळतं, खोटं नाही. पण मातीत जाऊन ओल धरणारा सेंद्रिय कर्ब धुरातून निघून जातो, आणि पावसानं पंधरा दिवस दडी मारली की आपली बरड जमीन सगळ्यात आधी सुकते. पऱ्हाटी कुजवली तरी बराच कर्ब हवेत जातोच. मातीत राहतो तो थोडा, पण दर वर्षी साचत जातो.

लोक आळसानं जाळतात असं समजून बोलायला जाऊ नकोस. धुऱ्यावर ढीग तसेच ठेवले तर उरलेल्या बोंडांतली गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात उतरते, म्हणून पऱ्हाटी नष्ट करा असं कृषी खातंच सांगतं. जाळणं हा त्यातला फुकटचा उपाय. ट्रॅक्टरवर चालणाऱ्या श्रेडरनं बोंडांसकट भुगा होतो, पण त्याला भाडं लागतं. आणि भुगा कोरडा टाकून चालत नाही. माझा पहिला ढीग जूनपर्यंत जसाच्या तसा होता, बायको हसली. शेणकाला शिंपडून, ओल धरून, वर झाकून ठेवला तेव्हा कुठे काळा पडला.

ज्यांची चूल पऱ्हाटीवर पेटते त्यांना एक शब्दही बोलायचा नाही. सिलिंडर भरायला दर वेळी पैसे असतातच असं नाही.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घे. अर्ज आठवडाभर आधी लेखी दे, पोच घे. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, यातला कमी आकडा लागतो. बायका घरून निघाल्या तर तो सहज भरतो. पण बहुमतानं ठराव पास करून घेतलास तर जाळणारा मार्चमध्ये जाळणारच. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाचा मिळून हक्क, मिळाले ते सगळ्यांना माहीत आहे. तिथे निर्णय सर्वसहमतीनं होतात आणि आधी अभ्यासगटात बसून विषय समजून घेतात, हे कमी लोक सांगतात. तूही आधी पारावर चार रात्री बस. 'काहून जाळता?' एवढंच विचार, आणि ऐक.

ट्रॅक्टरवाल्याशी मी बोललोय. एका शेतासाठी तो येत नाही, दहा-बारा एकर सलग मिळाले तर येईन म्हणतो. नावं तू गोळा कर. पहिलं माझं लिही, नाल्याकडचे तीन एकर. तुझ्या बाबाला मात्र तूच विचार, माझं तो ऐकत नाही.

तुझे,
गुरुजी