अंडं चालत नसेल तर ब्रिटनीच्या पातिसरीत लोण्याचा कुठला पदार्थ घ्यावा?

तुम्ही फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, रेन शहरात शिकायला गेला आहात, खोलीजवळच्या पातिसरीत (केक-पेस्ट्रीच्या दुकानात) लोण्याचे चारपाच पदार्थ रोज दिसतात, पण अंडं चालत नाही. मी म्हणेन, क्विन्यामान घ्या.

'गातो ब्रतों' हा केक आणि 'पाले' ही बिस्किटं यांत पिवळा बलक असतोच, 'फार ब्रतों' नावाचा पदार्थ तर अंड्यादुधाचाच. क्विन्यामान मात्र मुळात पावाचं पीठ, खारं लोणी आणि साखर. ब्रेतों या ब्रिटनीच्या भाषेत क्विन्य म्हणजे केक, आमान म्हणजे लोणी. १८६०च्या सुमारास द्वार्नने गावी हा प्रकार सुरू झाला असं मानतात. जुनं प्रमाण शंभरात ४० भाग पावाचं मळलेलं पीठ आणि लोणी-साखर ३०-३० भाग. काही ठिकाणी वरून बलकाचा हात फिरवतात, तेव्हा "सां-झ्यो?" (अंड्याशिवाय?) असं विचारा. तरी शंका राहिली तर ॲलर्जीच्या घटकांची माहिती मागा. सुट्या पदार्थांसाठीही ती लेखी ठेवणं दुकानदाराला बंधनकारक आहे आणि अंडं त्यात येतंच.

आता निवड. वरची बाजू सगळ्यांचीच छान दिसते, खरी परीक्षा तळाची. तळ गडद मधाच्या रंगाचा, काचेसारखा चकाकणारा हवा. फिकट आणि साखरेचे दाणे दिसत असतील तर कच्चा राहिलाय, आतला गर पिठूळ लागेल. काळपट असेल तर कडू. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. खारीसारखे कोरडे पापुद्रे शोधू नका; चिरोट्यासारखे पदर असतात, पण लोण्यासाखरेच्या पाकात भिजलेले. पाटीवर "पूर ब्योर" (शुद्ध लोणी) लिहिलंय ना, तेही बघा, म्हणजे मार्गरीन नाही.

खारं लोणी का? फ्रान्समध्ये राजेशाही होती त्या काळात ब्रिटनीला मिठावरचा कर, गाबेल, माफ होता. फ्रान्सच्या बऱ्याच भागांत मीठ महाग, इथे मात्र लोणी खारवून ठेवायची सवय टिकली. त्या मिठानेच एवढी साखर तोंडाला बसत नाही.

पहिल्यांदा छोटा एकट्याचा न घेता मोठ्या गोलाचा तुकडा घ्या, मधला गर त्यातच नीट कळतो. थंड खाल्लात तर निम्मी चव गेली, कारण लोणी गोठून मेणचट लागतं. १५० अंशांवर ओव्हनमध्ये ८-१० मिनिटं, उघडाच. मायक्रोवेव्हमध्ये पदर चिवट होतात आणि तळाचा कुरकुरीतपणा जातो. बाहेर काढल्यावर दोनतीन मिनिटं थांबा, वितळलेली साखर जीभ भाजते. सोबत बिनसाखरेची काळी कॉफी.

उरला तर फ्रिजमध्ये नको, तिथल्या ओलाव्याने तळाची साखर चिकट होते. कागदात गुंडाळून बाहेरच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम करून संपवा.