वाचक विचारतात: गुरूजवळच्या त्या सार्जंटबाई खऱ्या वाटतात का?

गेल्या अंकात एका अवकाश-कादंबरीची ओळख करून दिली होती, तिच्यावर इतकी पत्रं आलीत की यावेळचं सगळं सदर तिलाच देऊन टाकलंय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. गुरूजवळ एका युद्धनौकेवर हल्ला होतो, वरचे सगळे अधिकारी एका झटक्यात जातात, आणि एक महिला सार्जंट उरलेल्या सहा जणांना घेऊन फुटलेल्या नौकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाच्या रिॲक्टरपर्यंत निघते, हातात फक्त नऊ तास. शेवट फोडणार नाही, बिनधास्त वाचा.

प्रश्न: पहिल्या पानापासून नुसती पळापळ! अर्ध्यात आल्यावर मीच दमलो. इतका वेग कशाला हवा?

तुमचं दमणं मला पटतं, पण सगळ्या पुस्तकाबद्दल नाही. मधली तीन प्रकरणं आहेत ना, जिथे एक स्फोट संपतो न संपतो तोच दुसरा होतो, तिथे मीही पानं भराभर उलटली कारण कुणाचं काय होतंय याने फरकच पडेनासा झाला होता. पण सुरुवातीचा तो एअरलॉकचा, म्हणजे नौकेबाहेर पडायच्या हवाबंद खोलीचा, प्रसंग परत काढून बघा. मागून आग येतेय, सगळे ओरडतायत, आणि ती थांबते, प्रत्येकाच्या ग्लोव्हची मनगटाजवळची रिंग स्वतःच्या हाताने फिरवून बघते, एकेकाची, आणि चौथ्याची रिंग अर्धवटच बसलेली निघते. जवळजवळ एक अख्खं पान तिथे काही "घडत" नाही आणि तरी मला श्वास घेता येत नव्हता. वेग तिथे आहे खरा. काय गमावलं जाऊ शकतं हे कळलं की वाचक आपोआप पळायला लागतो, त्यासाठी दर पानाला काहीतरी उडवावं लागत नाही.

प्रश्न: बाईमाणूस इतके जी सहन करेल का? लेखकाने उगाच हिरोईन घातलीये असं वाटलं.

हा प्रश्न बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय म्हणून जरा सविस्तर लिहिते. जी म्हणजे आपल्या नेहमीच्या वजनाच्या किती पट भार अंगावर येतो त्याचं माप. एप्रिल 2008 मध्ये रशियाचं सोयूझ यान अंतराळस्थानकावरून परत येताना नेहमीच्या मार्गाऐवजी सरळ बॅलिस्टिक मार्गाने, म्हणजे फेकलेल्या दगडासारखं, खाली आलं, ठरलेल्या जागेच्या चारशेहून जास्त किलोमीटर अलीकडे उतरलं, आणि आतल्या तिघांवर 8 जीच्या वर भार आला. म्हणजे 60 किलोच्या माणसाला आपण जवळपास 480 किलोचे झालोय असं वाटणार, छातीवर कुणीतरी बसल्यासारखा श्वास घ्यावा लागणार. त्या तिघांत दोन बायका होत्या, अमेरिकेच्या पेगी व्हिट्सन आणि दक्षिण कोरियाच्या यी सो-यन. व्हिट्सन तर त्याआधी सहा महिने वजनरहित अवस्थेत राहून आलेल्या.

तेव्हा कादंबरीत चूक असेलच तर ती बाई असण्यात नाही, ती उभी असण्यात आहे. सहाव्या प्रकरणात नौका 6 जीने वेग घेत असताना ती कॉरिडॉरमधून चालत जाते ते मात्र कुणालाच जमणार नाही, पुरुषालाही नाही. उभ्या माणसाच्या डोक्यातलं रक्त खाली उतरतं आणि खास सूट नि सराव नसेल तर चार-पाच जीलाच डोळ्यांपुढे अंधार येतो. सोयूझमध्ये म्हणूनच पाठीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. लेखकाने तिला तिथे आडवं पाडलं असतं, रांगायला लावलं असतं, तर तो प्रसंग दुप्पट भारी झाला असता!

आणि "उगाच हिरोईन" याबद्दल. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्याची 588 वी रात्र-बॉम्बफेकी रेजिमेंट पूर्ण बायकांची होती, वैमानिक बायका, मेकॅनिक बायका, आणि विमानं लाकूड-कापडाची पीओ-2, जी मुळात शिकाऊ लोकांसाठी आणि शेतीच्या कामाला वापरायची. लक्ष्याजवळ इंजिन मंद करून तरंगत यायच्या. जर्मन सैनिक त्यांना रात्रीच्या चेटकिणी म्हणायचे. त्याच युद्धात ल्युडमिला पावलिचेन्को या स्नायपरच्या नावावर 309 शत्रुसैनिक टिपल्याची नोंद आहे. तेव्हा लढणारी बाई ही काही लेखकाची फॅशन नाहीये हो.

प्रश्न: पण ती बाईसारखी वागतच नाही. नाव बदललं तर पुरुष म्हणून खपेल. मग काय उपयोग?

मला हेच तर आवडलं! ती दमते, चिडते, झोप न झाल्यामुळे एक हुकूम चुकीचा देते आणि तो मागे घेते, आणि यातलं काहीही "बाई आहे म्हणून" असं लेखक सांगत बसत नाही. पण तुम्ही म्हणता तसं ती अगदीच अदलाबदल करण्यासारखी नाहीये, एक गोष्ट लेखकाने फार बारकाईने धरलीये, ती म्हणजे सूट. सगळीकडे तो तिला मोठा होतो, खांदे वर येतात, बोटं ग्लोव्हच्या टोकाला पोचत नाहीत त्यामुळे ट्रिगर ओढताना प्रत्येक वेळी हात पुढे सरकवावा लागतो. एका वाचकांनी लिहिलंय की हे सारखं सारखं वाचून कंटाळा आला. मला विचाराल तर पुस्तकातला सगळ्यात खरा भाग तो आहे.

मार्च 2019 मध्ये नासाने पहिल्यांदाच फक्त दोन बायकांचा स्पेसवॉक, म्हणजे स्थानकाबाहेर पडून काम करणं, ठरवला होता, ॲन मॅक्लेन आणि क्रिस्टिना कोक. मॅक्लेन या अमेरिकी लष्करातल्या हेलिकॉप्टर पायलट, म्हणजे सैनिकच. वर गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला सूटचा छातीचा कडक भाग मीडियम साइजचाच नीट बसतो, आणि तसा वापरायला तयार एकच होता. शेवटी मॅक्लेनच्या जागी एक पुरुष सहकारी बाहेर गेले. दोन बायकांचा तो स्पेसवॉक व्हायला 18 ऑक्टोबर 2019 उजाडला, क्रिस्टिना कोक आणि जेसिका मीर. त्याच्याही आधीचं बघायचं तर सोव्हिएत अंतराळवीर स्वेतलाना सावित्स्काया 1982 साली सॅल्यूत-7 स्थानकावर पोचल्या, स्वतः टेस्ट पायलट, तर तिथे त्यांच्या हातात स्वयंपाकाचा ॲप्रन ठेवला गेला. 1984 मध्ये त्या परत गेल्या आणि स्थानकाच्या बाहेर पडून धातू कापला, वेल्डिंग केलं, साडेतीन तासांच्या वर. स्पेसवॉक करणारी पहिली बाई. आपल्या सार्जंटबाई सूटबद्दल एकदाही तक्रार करत नाहीत, फक्त हात पुढे सरकवतात आणि नेम धरतात, हे वाचताना मला हे सगळं आठवत होतं.

प्रश्न: हेल्मेट फुटल्यावर ती दहा सेकंद पोकळीत जगते. थाप वाटली.

थाप नाही. 1966 साली ह्यूस्टनला नासाच्या व्हॅक्युम चेंबरमध्ये, म्हणजे हवा काढून टाकलेल्या खोलीत, सूटची चाचणी चालू असताना एका तंत्रज्ञाची हवेची नळी सुटली. साधारण 14 सेकंदांत तो बेशुद्ध झाला, लगेच चेंबरमध्ये परत हवा भरली आणि तो वाचला. त्याला शेवटचं आठवत होतं ते जिभेवरची लाळ उकळतेय असं वाटणं. हवेचा दाबच नसला की पाणी अंगाच्या उष्णतेवरही उकळतं, पण रक्त असं उकळत नाही कारण ते रक्तवाहिन्यांच्या आत दाबाखाली असतं, त्यामुळे माणूस फुटतो-बिटतो ते सगळं खोटं. सार्जंट आधी फुफ्फुसातली हवा पूर्ण सोडून देते ते अगदी बरोबर, श्वास रोखून धरला असता तर फुफ्फुसंच फाटली असती. खटकलं ते एवढंच की आत ओढल्या ओढल्या ती उठून गोळ्या झाडते. निदान थोडा वेळ तरी तिला खोकू द्यायचं, चाचपडू द्यायचं.

प्रश्न: अवकाशात आवाज जात नाही ना? मग स्फोटांचे धाड धाड आवाज कसे?

बाहेर जात नाहीच. पण ती नौकेच्या आत आहे आणि धातूतून आवाज मस्त जातो, शिवाय पायातून हादरे येतात. बाहेरच्या दोन प्रसंगांत लेखकाने शांतता ठेवलीये, तुम्ही परत बघा.

प्रश्न: अवकाशात तोफ डागली तर नौकाच मागे जाईल ना? लेखकाने विचार केलाय का?

केलाय, आणि असं प्रत्यक्षात झालंयही! सोव्हिएत संघाचं सॅल्यूत-3 हे नावाला नागरी पण खरं तर लष्करी स्थानक होतं आणि त्यावर एक जलद मारा करणारी तोफ बसवलेली. जानेवारी 1975 मध्ये आत कुणी नसताना जमिनीवरून आज्ञा देऊन ती डागली. धक्का सांभाळायला त्याच वेळी स्थानकाची इंजिनं चालवली. तोफ वळत नव्हती, नेम धरायचा तर अख्खं स्थानक वळवायचं. कादंबरीत सार्जंट मोडक्या नौकेची तोफ मुद्दाम रिकाम्या दिशेला डागून नौका बाजूला सरकवते, ते वाचून मी अक्षरशः टाळी वाजवली.

प्रश्न: ती मुख्यालयाला विचारत का नाही? एवढे मोठे निर्णय सार्जंट घेते हे सैन्यात शक्य आहे?

गुरू आणि पृथ्वी यांच्यात प्रकाशालाच जायला साधारण 33 ते 54 मिनिटं लागतात, दोघे कुठे आहेत त्यावर. रेडिओही तेवढाच वेळ घेणार. म्हणजे एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर ऐकायचं तर कमीत कमी तासाच्या वर, आणि हातात नऊच तास. तिने विचारलं असतं तर उत्तर येईपर्यंत तो डेकच उरला नसता. म्हणून तर मला अकरावं प्रकरण पुस्तकाचा कळस वाटतं. पृथ्वीवरून हुकूम येतो, "मागचा भाग सोडून द्या," अगदी स्पष्ट, अधिकृत, आणि तो निघाला तेव्हा बरोबरही असेल, पण आता मागच्या भागातून दोन माणसं भिंत ठोकतायत हे तिला ऐकू येतंय आणि पृथ्वीला ते माहीतच नाही. ती हुकूम मोडत नाही. संदेश मिळाल्याची पोच पाठवते, त्यात ठोकण्याचा आवाज रेकॉर्ड करून जोडते, "नवीन हुकुमाची वाट बघतेय" असं लिहिते आणि दार कापायला सुरुवात करते. शिस्तही राहिली, माणसंही. बंडखोर हिरो खूप वाचलेत, पण स्वतःचं काम इतकं नीट जाणणारी सैनिक क्वचित भेटते.

प्रश्न: मुलगी तेरा वर्षांची आहे, देऊ का वाचायला?

द्या की! चौदाव्या प्रकरणात एका तरुण सैनिकाचा मृत्यू बराच सविस्तर आहे, तेवढं आधी स्वतः वाचून घ्या. बाकी जी, व्हॅक्युम वगैरे तिला कदाचित तुमच्यापेक्षा लवकर कळेल, आणि काही अडलं तर तिलाच आम्हाला लिहायला सांगा.