बोट मोठं आहे, मग एमआरआय कशाला?

मुलाचं एखादं बोट जन्मतःच जाड आणि लांब असलं की आईबाप आधी वाट पाहतात, मग डॉक्टरांकडे जातात आणि एक्स-रे, सोनोग्राफी, एमआरआय अशा चिठ्ठ्या घेऊन माझ्यासमोर बसतात. प्रश्न जवळपास ठरलेला असतो. दिसतंय ते दिसतंय, मग इतक्या तपासण्या कशाला? आणि लेकराला त्यातून काही अपाय तर होणार नाही?

नागपुरातल्या नंदनवन भागातलं एक कुटुंब (ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत). मुलगी साडेतीन वर्षांची. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट जन्मापासूनच मोठं, आणि वडिलांच्या मते अलीकडे वेगानं वाढणारं. मे महिन्यातही तिला पूर्ण बाह्यांचा फ्रॉक घालत. तान्हा पोळ्याला तिनं लाकडी बैलाची दोरी डाव्या हातानंच धरावी, असं घरूनच शिकवलं होतं. एक्स-रे झाला होता. एमआरआयवर गाडी अडली होती.

"एवढ्याशा पोरीले झोपेचं औषध देऊन मशिनीत टाकाचं, काहून जी मॅडम?" आजी म्हणाल्या. आणि मग सुनेकडे न बघता, "ग्रहणात भाजी चिरू नको म्हनत होती मी."

हे वाक्य त्या आईनं साडेतीन वर्षं ऐकलेलं असणार. म्हणून तपासण्या बाजूला ठेवून आधी तेच घेतलं. अशा बोटांमागे बहुतेकदा पीआयके३सीए नावाच्या जनुकातला बदल असतो. तो गर्भाची वाढ चालू असताना एखाद्या पेशीत आपोआप घडतो आणि त्या पेशीपासून बनलेल्या भागातच राहतो. अतिवाढीशी या जनुकाचा संबंध 2012 मध्ये समोर आला. विळी, ग्रहण, आईचं खाणंपिणं, यांपैकी कशाचाही त्यात हात नाही. आजींना ते पटलं असं म्हणवत नाही, पण पुढचा अर्धा तास त्या गप्प बसल्या.

मग आईला विचारलं, एमआरआयमध्ये नेमकी कशाची भीती वाटते? ती म्हणाली, "शेजारच्या ताई म्हणाल्या, गाठ असंल. त्यात कॅन्सर निघाला तं?"

आता बोलायला जागा झाली. हातातली एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून मी दाखवली. हाडं लांब आणि रुंद आहेत, पण त्यांची ठेवण शाबूत आहे. हाडात कूर्चेच्या गाठी असत्या तर त्या इथेच दिसल्या असत्या. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्याही उघड्या दिसतात, म्हणजे बोट अजून वाढणार. हाताच्या एका एक्स-रेतून मिळणारं रेडिएशन आपल्याला एका दिवसात निसर्गातून मिळतं त्याहूनही कमी असतं, त्यामुळे त्याची धास्ती नको.

सोनोग्राफी विचारते वेगळंच: आत रक्तवाहिन्यांचं जाळं आहे का, पाण्यासारख्या द्रवाच्या पिशव्या आहेत का? त्यातल्याच डॉपलर तपासणीनं रक्तप्रवाह कळतो. यात ना रेडिएशन, ना झोपेचं औषध.

पण बोटात वाढलेली चरबी किती खोल गेली आहे, तळहातात शिरली आहे का, मनगटातून बोटांकडे येणारी मीडियन नर्व्ह (संवेदना वाहणारी नस) जाड झाली आहे का, हे एमआरआयच नीट सांगतो. चरबीत गुंडाळलेली नस त्यात टीव्हीच्या केबलच्या आडव्या कापासारखी दिसते. हे चित्र इतकं ओळखीचं असतं की सहसा तुकडा काढून तपासावा लागत नाही. माझ्या मते एमआरआयच्या बाजूनं हाच सगळ्यात मोठा मुद्दा. नसेतून तुकडा काढला तर बोटाची संवेदना जाऊ शकते. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. सीटी स्कॅनची इथे सहसा गरज पडत नाही.

झोपेच्या औषधाबद्दल मात्र मी गोड बोलत नाही. भूलतज्ज्ञ हजर हवेतच. आधी सहा तास जेवण नाही, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. अंगावर धातू नको, म्हणजे कडं, वाळे, ताईत सगळं उतरवायचं. ताईतावर आजी पुन्हा अडल्या. तो त्यांनीच हातात धरून बाहेर बसायचं, असं ठरलं.

रिपोर्टमध्ये चरबीची वाढ आणि जाड झालेली मीडियन नर्व्ह निघाली. कॅन्सर नाही. कॉफीच्या रंगाचे डाग मात्र डॉक्टरांनी अंगभर शोधले, कारण न्यूरोफायब्रोमॅटोसिस या नसांवर गाठी आणणाऱ्या आजारातही बोट वाढतं आणि तो आजार आईबापाकडून येऊ शकतो. डाग नव्हते.

वाढीचा वेग मात्र कुठल्याही एका तपासणीत कळत नाही. काही बोटं हाताबरोबरच वाढतात, काही त्याला मागे टाकतात. म्हणून जुन्या फिल्म जपायच्या आणि ठरावीक काळानं कागदावर मुलीचा हात ठेवून पेन्सिलनं रेघ काढायची. शेजारी आईच्या हाताचीही. मुलीचं बोट आईच्या बोटाएवढं लांब झालं की वाढीच्या पट्ट्या बंद करण्याचं ऑपरेशन सर्जन सुचवतात. त्यानं लांबी थांबते. जाडी कमी करायचं ऑपरेशन वेगळं, आणि ते कधीकधी पुन्हा करावं लागतं. हेही त्याच दिवशी सांगितलेलं बरं.

जाताना वडिलांनी दुसऱ्या मुलाबद्दल विचारलं. जनुकातला हा बदल आईबापाकडून आलेला नसतो, तेव्हा दुसऱ्या बाळाला धोका इतर कुणाच्याही बाळाइतकाच. मुलीचं रक्त तपासून उपयोग नाही, कारण बदल सहसा रक्तात सापडत नाही. ऑपरेशन झालंच तर काढलेल्या चरबीची तपासणी करता येईल. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत बोटं पाहतात, पण थोडी वाढ त्यात निसटू शकते. "म्हणजे नक्की नाही सांगता येत," ते म्हणाले. मी हो म्हटलं.