वाचकांचे प्रश्न : एका इंजिनाला दोन ईसीयू

प्रश्न : माझी २०११ सालची पेट्रोल हॅचबॅक मी हौशी ऑटोक्रॉस स्पर्धांसाठी ठेवली आहे. तिला टर्बो बसवून इंधन आणि इग्निशन सांभाळण्यासाठी बाहेरचा, प्रोग्राम करता येणारा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) जोडला. मीटर, एसी आणि इमोबिलायझर चालू राहावेत म्हणून कंपनीचा ईसीयूही तसाच ठेवला. तेव्हापासून इंजिन गरम झाल्यावरही प्लग काळे पडतात, रेडिएटरचा पंखा उशिरा लागतो आणि चेक इंजिनचा दिवा विझत नाही. गॅरेजवाल्यांचे म्हणणे असे की दोन ईसीयू एकत्र नांदत नाहीत, कंपनीचा काढून टाका. हे खरे आहे का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : खरे नाही, आणि कंपनीचा ईसीयू काढण्याची घाई कृपया करू नये. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे आउटपुटच्या बाबतीत मान्य आहे : एक इंजेक्टर किंवा एक कॉइल दोघांनी चालवता कामा नये. सेन्सरकडून येणारी माहिती मात्र दोघांना मिळू शकते. फक्त ती कशी वाटून घ्यायची हे प्रत्येक सेन्सरच्या जातीवर ठरते.

आपण सांगितलेल्या पहिल्या दोन तक्रारींचे मूळ एकच असावे, असे मला वाटते. कूलंटच्या तापमानाचा सेन्सर दोन्ही ईसीयूंना एकाच वायरवरून जोडलेला असणार. हा सेन्सर म्हणजे दोन वायरींचा थर्मिस्टर, म्हणजे तापमान वाढले की ज्याचा रोध कमी होतो असा रेझिस्टर. तो स्वतः व्होल्टेज निर्माण करत नाही, तर ईसीयूच्या आतल्या पुल-अप रेझिस्टरमधून येणाऱ्या ५ व्होल्टची विभागणी करतो. समजा, ८० अंशांना थर्मिस्टरचा रोध ३२० ओहम आहे आणि पुल-अप २२०० ओहमचा आहे, तर सिग्नल वायरवर सुमारे ०.६ व्होल्ट मिळतात. दुसऱ्या ईसीयूचा तेवढाच पुल-अप त्याच वायरला जोडला गेला की दोन्ही मिळून ११०० ओहम होतात आणि व्होल्टेज १.१ च्या पुढे जाते. त्यामुळे दोघांनाही सेन्सरचा रोध दुप्पट, म्हणजे ६४० ओहम भासतो आणि ८० अंशांवरचे इंजिन जेमतेम ६० अंशांवर असल्याचा त्यांचा समज होतो. मग बाहेरचा ईसीयू थंड इंजिनासाठीचे जादा पेट्रोल देत राहतो, म्हणून प्लग काळे. आणि पंखा कंपनीच्या ईसीयूच्या ताब्यात असल्याने तो उशिरा लागतो. यातली दुसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते, कारण नाशिकच्या एप्रिलमधल्या उन्हात टर्बो लावलेल्या इंजिनाचे हेड गॅस्केट जायला एवढे कारण पुरेसे आहे.

खात्री करणे सोपे आहे. इंजिन गरम करून बंद करावे, चावी ऑनवर ठेवावी आणि सिग्नल वायरवर मल्टिमीटर लावावा. नंतर चावी बंद करून बाहेरच्या ईसीयूचा कनेक्टर काढावा, चावी पुन्हा ऑन करावी आणि लगेच दुसरे माप घ्यावे. व्होल्टेज जवळजवळ निम्म्यावर आले तर दोष सापडला. काही ईसीयूंमध्ये पुल-अप बंद करण्याची सोय असते. तरीही माझा सल्ला असा की बाहेरच्या ईसीयूसाठी वेगळा सेन्सर बसवावा. तो थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर कूलंट रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या) इंजिनाकडील बाजूस असावा. रेडिएटरच्या होजमध्ये बसवल्यास थर्मोस्टॅट उघडेपर्यंत त्याला खरे तापमान कळणारच नाही.

थ्रॉटल पोझिशनसारख्या तीन वायरींच्या सेन्सरचा सिग्नल दोघांना देता येतो. मात्र ५ व्होल्टचा पुरवठा एकाच ईसीयूकडून घ्यावा आणि सेन्सरचा ग्राउंड दोघांना समाईक ठेवावा. क्रँक सेन्सर (इंजिनाचा वेग आणि स्थिती सांगणारा) हॉल प्रकारचा, म्हणजे तयार चालू-बंद सिग्नल देणारा असेल तर फारशी अडचण येत नाही. तो दोन वायरींचा चुंबकीय प्रकारचा असेल तर तसाच वाटून घेणे धोक्याचे आहे, कारण दोन्ही ईसीयूंची इनपुट सर्किटे एकमेकांचा सिग्नल दाबू शकतात आणि इंजिन मध्येच मिसफायर होऊ लागते. मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा, तर वेगळाच हवा. कंपनीचा सेन्सर बहुधा वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजतो, टर्बोचा वाढीव दाब त्याच्या आवाक्याबाहेर असतो. नवा सेन्सर बसवल्यावर इंजिन सुरू न करता चावी ऑन करून पाहावी : आपल्याकडे सुमारे ६०० मीटर उंचीवर तो साधारण ९४ किलोपास्कल दाखवील. १०१ दाखवत असेल तर कॅलिब्रेशन चुकले आहे.

चेक इंजिनच्या दिव्यासाठी आधी स्कॅनर लावून कोड वाचावेत. पी०२०१ ते पी०२०४ हे कोड असतील, तर कंपनीच्या ईसीयूला त्याचे इंजेक्टर सापडत नाहीत असा अर्थ होतो. त्या जागी इंजेक्टरइतक्याच रोधाचे, पुरेशा वॅटचे रेझिस्टर धातूच्या पट्टीवर बसवतात, कारण ते तापतात. काही ईसीयू इंजेक्टर बंद होतानाचा व्होल्टेजचा झटकाही तपासतात. तिथे रेझिस्टर चालत नाहीत, जुने इंजेक्टरच लोड म्हणून कोपऱ्यात जोडून ठेवावे लागतात. पी०१७१ किंवा पी०१७२ (मिश्रणात पेट्रोल कमी किंवा जास्त) आल्यास ऑक्सिजन सेन्सर अजून कंपनीच्या ईसीयूकडे आहे असे समजावे : ज्या मिश्रणावर आपला ताबाच उरलेला नाही, ते तो बिचारा दुरुस्त करू पाहत असतो.

प्रश्न : अशी गाडी रोजच्या वापरात ठेवता येईल का? पीयूसी मिळाली म्हणजे झाले ना?
– एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि पीयूसीच्या चाचणीत इंजिनावर प्रत्यक्ष भार असतानाचा धूर मोजलाच जात नाही. शिवाय बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर अपघातानंतर दावा अडकू शकतो. अशी गाडी स्पर्धेपुरतीच ठेवावी आणि मैदानापर्यंत ट्रेलरवरून न्यावी.