जुन्या गल्लीतलं घर आणि वारसा समिती : वाचकांचे प्रश्न

आमचं घर ना वाडा, ना कुणा थोर माणसाचं जन्मस्थान. तरी ते वारसा यादीत कसं आलं?

यादीत तुमचं एकट्याचं घर नाही, सगळी गल्ली आहे. एकेक वास्तू वाचवण्याचा विचार जुना. अख्खी वस्ती जपण्याचा त्यामानाने नवा. अमेरिकेतल्या चार्ल्स्टन शहराने १९३१ साली आपला जुना भाग नियम करून राखला आणि बांधकामांवर नजर ठेवायला मंडळ नेमलं. फ्रान्सने १९६२ मध्ये, ब्रिटनने १९६७ मध्ये वस्त्यांसाठी कायदे केले. गल्लीचं रूप साध्या घरांनीच घडतं : सज्जे एका उंचीवर, दारं थेट रस्त्यावर, खिडक्या उभट. एक घर पाडून नवं चार हात मागे बांधलं, की शेजारच्या दोन्ही घरांच्या कोऱ्या भिंती उघड्या पडतात आणि सगळी ओळ विस्कटते. म्हणून तुमच्या साध्या घराला माझ्या लेखी मोठी किंमत आहे.

भिंतींना ओल येते म्हणून सिमेंटचा गिलावा करायचा होता. समितीने तो नाकारला. सिमेंट चुन्यापेक्षा मजबूत नसतं का?

असतं, आणि जुन्या भिंतीला तेच बाधतं. तिची वीट मऊ, चुन्यात बसवलेली. जमिनीतून वर चढणारी ओल चुन्याच्या सांध्यांतून आणि गिलाव्यातून वाळून जाते. वरून सिमेंट थापलं की ती वाट बंद होते आणि ओल आत कोंडते. तिच्याबरोबर आलेले क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली साचून स्फटिक होतात, विटेचे पापुद्रे सुटू लागतात. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसत असल्याने हे कळतं ते गिलाव्याचा मोठा तुकडा विटेसकट खाली येतो तेव्हा.

विटांमधले सांधे पुन्हा भरतानाही हेच लक्षात ठेवा : सांध्यातला माल विटेपेक्षा मऊ हवा. झीज व्हायचीच असेल तर ती सांध्याची होऊ दे. सांधा पुन्हा भरता येतो. शंभर वर्षांपूर्वीची वीट कुठून आणणार?

गवंडी बोलावण्याआधी ओल कुठून येते ते शोधा. पन्हळ फुटलेली असते, किंवा डांबराचे थर चढून रस्ता जोत्याच्या वर आलेला असतो. हे दुरुस्त न करता केलेला कुठलाच गिलावा टिकत नाही, चुन्याचासुद्धा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, म्हणून ताजं काम उन्हात सोडू नका, ओल्या गोणपाटाने झाका. आणि विटा उजळ दिसाव्यात म्हणून त्यांवर वाळूचा फवारा कधीही मारू नका. भट्टीत तयार झालेली विटेची कणखर कातडीच त्याने निघून जाते.

लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवू का?

नको. जुनी खिडकी सहसा खालच्या आडव्या पट्टीत कुजते, कारण पाणी तिथे थांबतं. तेवढाच भाग कापून नवं लाकूड सांधता येतं. चांगल्या सुताराला दाखवल्याशिवाय चौकट उखडू नका.

रंग द्यायलाही परवानगी लागते?

काही ठिकाणी लागते, काही ठिकाणी नाही. आपल्या समितीची नियमावली मागून वाचा. विटेच्या किंवा दगडाच्या उघड्या भिंतीला मात्र रंग देऊच नये.

मोकळ्या भूखंडावर नवं घर बांधायचं आहे. ते जुन्यासारखंच दिसायला हवं का?

अजिबात नाही. जुन्याची हुबेहूब नक्कल मला तर नकोशीच वाटते. पुढच्या पिढीला खरं कोणतं ते कळत नाही. जुन्या वास्तू कशा जपाव्यात याची तत्त्वं मांडणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने जीर्णोद्धाराबाबत म्हटलं आहे, की अंदाज सुरू होतो तिथे हात थांबवावा आणि नवा भाग जुन्याशी जुळावा, पण वेगळा ओळखू यावा. नव्या घरालाही हीच दृष्टी लावा. उंची, रस्त्यालगतची रेषा, खिडक्यांचं प्रमाण हे ओळीशी जुळवा. बाकी घर आजचं असू दे.

माझ्या जागेवर माझाच हक्क नाही, असं वाटतं. मालकाने हे नुकसान का सोसावं?

तुमची तक्रार खरी आहे. न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली पेन्सिल्व्हेनिया स्टेशन पाडायला घेतलं, लोक हळहळले आणि १९६५ मध्ये तिथे वारसा आयोग आला. पुढे ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या डोक्यावर ५० हून अधिक मजल्यांचा मनोरा उभारायला आयोगाने नकार दिला. मालक कंपनी कोर्टात गेली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरली. स्टेशन आहे तसं वापरूनही कंपनीला वाजवी उत्पन्न मिळू शकत होतं आणि न बांधलेल्या मजल्यांचा हक्क जवळच्या भूखंडांवर नेण्याची सोय होती, हे न्यायालयाने लक्षात घेतलं. मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली. तिथेही असा हक्क टीडीआरच्या, म्हणजे दुसऱ्या जागी नेता येणाऱ्या बांधकामाच्या हक्काच्या, रूपाने मिळण्याची सोय झाली.

भरपाईची अशी सोय न करता नुसते नकार देणारी समिती मालकावर अन्याय करते, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय तोंडी नकार कधीच मान्य करू नका. तो कारणांसह लेखी मागा, त्याशिवाय वर दाद मागता येत नाही. अर्ज करण्याआधी घराचे जुने फोटो, मोजमापं आणि तडे गेलेल्या जागांची चित्रं घेऊन समितीच्या वास्तुविशारदाला भेटा, तेही नकाशे पक्के होण्यापूर्वी. तेव्हा पेन्सिलीची एक रेघ हलवून भागतं.