बॅकएंड डेव्हलपर ते प्रॉडक्ट मॅनेजर: आयएसबी, आयआयएम बंगळुरू की जमनालाल बजाज?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात एका आयटी सर्व्हिसेस कंपनीत ४ वर्षं बॅकएंड डेव्हलपर आहात, प्रॉडक्ट मॅनेजर (ॲपमध्ये काय बनवायचं आणि काय नाही हे ठरवणारा माणूस) व्हायचंय. आयएसबीचा (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) एक वर्षाचा मॅनेजमेंट कोर्स, आयआयएम बंगळुरूचा दोन वर्षांचा आणि मुंबईचं जमनालाल बजाज, तिन्हीकडे प्रवेश मिळतोय. बाबा घर तारण ठेवायला तयार आहेत.

तुमच्या जागी मी असते तर आयआयएम बंगळुरू घेतलं असतं, आणि ते दोन वर्षांच्या मधोमध येणाऱ्या समर इंटर्नशिपसाठी.

मीही पुण्याचीच. हिंजवडीत ५ वर्षं टेस्टिंग करून मग दोन वर्षांच्या एमबीएला गेले, आता बंगळुरूला प्रॉडक्टमध्ये आहे. सर्व्हिसेस कंपनीतून आलेल्यांची खरी अडचण इंटरव्ह्यूत कळते. "काय बनवायचं आणि काय नाही, हा निर्णय तुम्ही कधी घेतलात?" असं मला पहिल्याच इंटरव्ह्यूत विचारलं आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. क्लायंटने यादी द्यायची, आम्ही ती पुरी करायची, अशी ५ वर्षं गेली होती. कोर्सवर्कने ही उणीव भरून निघत नाही. ती भरली समरच्या दोन महिन्यांत, कर्ज देणाऱ्या एका ॲपच्या टीमबरोबर. केवायसीच्या टप्प्यावर माणसं अर्ज अर्धवट सोडून जात होती. सगळे म्हणत होते, लोकांना कागदपत्रं द्यायची नसतात. मी कस्टमर केअरमध्ये बसून चाळीसेक कॉल ऐकले. लोक पॅन कार्डचा फोटो पुन्हा पुन्हा टाकत होते, पण तो का नाकारला जातोय हे स्क्रीन सांगतच नव्हती. आम्ही फक्त तो संदेश बदलला. फायनल प्लेसमेंटला प्रत्येक इंटरव्ह्यूत मी हीच गोष्ट सांगितली.

आयएसबी उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. २००१ पासून त्यांनी अनुभवी लोकांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम चालवला आहे. एक वर्षाचा पगार वाचतो, बरोबरची मुलंमुली कामातून आलेली असतात. पण एका वर्षात समरची मोकळी जागा नाही. वर्ग सुरू होऊन काही महिने होतात तोच सीव्ही आणि शॉर्टलिस्टची धावपळ लागते, आणि कंपन्या मुख्यतः तुमच्या आधीच्या कामाकडे बघतात. तुम्ही एखाद्या प्रॉडक्ट कंपनीत असता, बिझनेस अ‍ॅनालिस्ट असता किंवा स्वतःचं काही उभं करून पाहिलं असतं, तर मी डोळे मिटून आयएसबी म्हटलं असतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून तसं दिसत नाही. दिसत नसलं तरी असं काही असेल, तर माझं उत्तर बदलतं.

आता प्लेसमेंट रिपोर्ट. यात बहुतेकजण फसतात. "इतके टक्के टेक्नॉलॉजीत" हा आकडा सेक्टरचा असतो. त्यात सेल्स, प्रोग्रॅम मॅनेजमेंट, आयटी कन्सल्टिंग, अकाउंट मॅनेजमेंट सगळं येतं. तुम्हाला फंक्शनचा, म्हणजे कामाच्या प्रकाराचा तक्ता हवा, त्यात 'प्रॉडक्ट' असं वेगळं लिहिलेलं. सरासरीऐवजी मीडियन (बरोबर मधल्या माणसाचा पगार) बघा, सीटीसीमधून (कंपनीने सांगितलेल्या एकूण वार्षिक आकड्यातून) जॉइनिंग बोनस आणि शेअर्स बाजूला काढा. आयआयएम बंगळुरूचा एक वर्षाचा ईपीजीपी हा वेगळा कोर्स आहे. त्याचे आकडे दोन वर्षांच्या कोर्सच्या आकड्यांत मिसळू नका.

त्याहून खात्रीचा मार्ग लिंक्डइनचा. दोन-तीन वर्षांपूर्वी त्या संस्थेतून बाहेर पडलेले, आधी सर्व्हिसेस कंपनीत तीन-चार वर्षं डेव्हलपर असलेले आणि आज प्रॉडक्टमध्ये असलेले दहा जण शोधा. दहा सापडले तर दार उघडं आहे, दोनच सापडले तर त्या दोघांना फोन करा आणि कसं जमलं ते विचारा. "कॉलेज कसं आहे?" असं विचारू नका. "समरला शॉर्टलिस्ट किती मिळाल्या, आणि आधीच्या कंपनीच्या नावामुळे किती गेल्या?" असं विचारा. लोक मनापासून सांगतात, मला दोघांनी तास-तास वेळ दिला होता.

बजाजबद्दल. १९६५ पासूनची संस्था, चर्चगेटला, आणि फी या तिघांत सर्वांत कमी. उदय कोटक, अजय पिरामल, नितीन परांजपे ही तिथलीच माणसं. नावांवरूनच कळतं की जोर फायनान्स आणि मार्केटिंगवर आहे. तुमचं मन पेमेंट्स किंवा बँकिंगच्या प्रॉडक्ट्समध्ये असेल तर मात्र बजाज सहज बाजूला टाकू नका. यूपीआय चालवणारी एनपीसीआय मुंबईत आहे, मोठ्या खासगी बँकांची मुख्यालयं मुंबईत आहेत, आणि समरही याच जगात मिळू शकतो. कमी कर्जाने बाहेर पडलेला माणूस पहिली नोकरी पगार न बघता निवडू शकतो. हा फायदा मोठा आहे.

कर्जाचं गणित आजच मांडा. ३० लाख, साडेनऊ टक्के, १० वर्षं धरली तर हप्ता महिना सुमारे ३८,८०० रुपये. बंगळुरूचं घरभाडं त्याच्या वर. हा आकडा समोर असला की प्लेसमेंटच्या "पहिल्या दिवशीची" कुठलीही ऑफर घ्यावीशी वाटते, आणि प्रॉडक्टसाठी गेलेली मुलं अशीच सेल्सच्या नोकरीत शिरतात. माझ्या वर्गातल्या दोघांचं असं झालं, पुन्हा प्रॉडक्टकडे यायला त्यांना वर्षं लागली.

आणि बाबांना घर तारण ठेवायला सांगू नका. स्टेट बँकेची स्कॉलर लोन नावाची योजना आहे. तिच्या यादीतल्या नामांकित संस्थांसाठी, आयआयएम आणि आयएसबी धरून, ठराविक रकमेपर्यंत तारण न घेता कर्ज मिळतं, बाबा फक्त सहकर्जदार राहतात. बजाज त्या यादीच्या कोणत्या गटात आहे ते शाखेत विचारून घ्या. ऑफर लेटर घेऊन या आठवड्यातच जा, कारण सीटची फी भरायची तारीख जवळ आली की माणूस घाईत मिळेल त्या कागदावर सही करतो.