हरिपाठ दहा दिवस बाजूला ठेवता येईल का?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. आमच्या घरात वारी परंपरेने चालत आली आहे. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, रोज संध्याकाळी हरिपाठ होतो आणि एकादशी सहसा चुकत नाही. घरातील लागोपाठच्या आजारपणांनी मन इतके थकले आहे की, काही दिवस कोणाशीही न बोलता राहावे असे वाटते. मुलगा इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचा, म्हणजे मौन पाळून करायच्या ध्यानशिबिराचा, आग्रह धरतो. यजमानांना मात्र ते आपल्या वाटेपासून ढळणे वाटते. तेथे शांतता मिळेल का? मी जावे का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : शांतता मिळते, पण आपल्या मनात जी विश्रांती आहे ती तेथे नाही, हे आधी सांगितले पाहिजे. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात 1976 पासून शिबिरे होत आहेत. ब्रह्मदेशात ध्यानगुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकून 1969 मध्ये भारतात आलेले सत्यनारायण गोएंका यांनी घालून दिलेली दिनचर्या तेथे पाळली जाते. पहाटे चारला घंटा होते, साडेचारला ध्यान सुरू होते आणि रात्री साडेनऊला दिवे मालवेपर्यंत सुमारे दहा तास बसण्यातच जातात. सकाळी अकराला जेवण झाले की, नव्या साधकांना सायंकाळी फक्त चहा आणि फळे मिळतात. फोन, वाचन, लेखन यांतले काहीही चालत नाही. येथल्या मौनाला आर्य मौन म्हणतात; त्यात खाणाखुणा आणि नजरेने बोलणेही वर्ज्य आहे. अडचण मात्र व्यवस्थापकांना आणि साधनेविषयीची शंका आचार्यांना विचारता येते.

पहिले तीन दिवस केवळ नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यायचे असते, आणि बाहेरचे बोलणे थांबताच आतले किती वाढते, याचा प्रत्यय बहुतेकांना याच दिवसांत येतो. दवाखान्यातले प्रसंग, कोणाला बोललेला कठोर शब्द, राहून गेलेली कामे, सारे वर येते. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरातल्या संवेदना तटस्थपणे पाहणे, शिकवली जाते. त्यानंतर दिवसातून तीन वेळा तासभर आसन न बदलता बसण्याचा निश्चय करायचा असतो. दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटते, तेव्हा अनेकांना हलके वाटते. परंतु त्याची हमी कोणी देऊ नये, आणि मीही देत नाही.

आपला खरा प्रश्न मात्र निराळाच आहे. शिबिराच्या काळात जप, पूजा, स्तोत्रपठण आणि उपवाससुद्धा थांबवावे लागतात. जपमाळ, ताईत यांसारख्या वस्तू जवळ ठेवता येत नाहीत; गळ्यातल्या माळेविषयी अर्ज करतानाच स्पष्ट विचारून घ्यावे. इतर साधना चुकीच्या आहेत असे यात म्हटलेले नाही. ही पद्धत कशातही न मिसळता पारखता यावी, हा नियमाचा हेतू आहे. कोणी धर्म सोडायला सांगत नाही, हे यजमानांना निःशंकपणे सांगावे. तरीही बसल्या जागी मनात विठ्ठलाचे नाव आपसूक येणारच; ते दूर सारून केवळ श्वास पाहणे आपल्याला जमेल का, आणि त्याची बोच लागणार नाही ना, हे जाण्याआधीच ठरवावे. एकादशीचा प्रश्न सोपा आहे, कारण येण्याजाण्याचे दिवस धरूनही शिबिर दोन एकादशांच्या मधे बसू शकते.

मन तयार असेल तर जरूर जावे. शुल्क नाही, शिबिर पूर्ण केल्यावर इच्छेनुसार दान देता येते. गुडघे दुखत असतील तर खुर्ची मिळते. चालू औषधे आणि मनाच्या थकव्याचे स्वरूप अर्जात न लपवता लिहावे आणि कोणतेही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. झोप उडाली असेल किंवा रडू आवरत नसेल, तर आधी डॉक्टरांना भेटावे. अशा अवस्थेत दहा दिवसांचे मौन झेपेलच असे नाही.

मन तयार नसेल, तर मुलाच्या आग्रहाखातर जाऊ नये. तुकोबा ज्या भंडारा डोंगरावर एकांतासाठी जात, तो देहूपासून जवळच आहे. यात्रेचे दिवस टाळून देहूत चार दिवस राहावे, फोन घरी ठेवावा आणि हरिपाठाव्यतिरिक्त बोलू नये. आपल्या आजच्या थकव्याला मला हाच मार्ग अधिक मानवेल असे वाटते. इगतपुरीला पुढच्या वर्षीही जाता येईल.